सुक्यामेव्याची एक वाटी म्हणजे नेमके किती ग्राम? (डिंकाच्या लाडवाची मोठी ऑर्डर आहे)

काळीमाती
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आमचा बायांचा बचत गट आहे, थंडी पडली की डिंकाचे लाडू करून विकतो. आतापर्यंत अर्धा किलो, एक किलो अशा ऑर्डरी होत्या, ज्या घरी जमेल तिनं करायच्या. आता अमरावतीहून बाळंतिणीसाठी एकदम ५ किलोची ऑर्डर आली आहे आणि सामान आणायला तालुक्याला जायचं आहे. अडचण अशी की आमच्याकडं सगळं प्रमाण वाटीचं. सासूबाईंच्या वहीत आहे, खारीक पूड २ वाट्या, खोबऱ्याचा कीस २ वाट्या, बदाम १ वाटी, काजू अर्धी, मनुका अर्धी, गोडंबी पाव वाटी, डिंक पाव वाटी, खसखस २ मोठे चमचे, तूप पाऊण वाटी, किसलेला गूळ दीड वाटी. दुकानदार तं वाटीनं देत नाही नं, तो ग्राममधी विचारते. शिवाय गटातल्या चार घरी लाडू होतात अन् चारही घरच्या वाट्या वेगळ्या, त्यामुळं एकीचे लाडू सैल होतात एकीचे कोरडे, गिऱ्हाईक बोलून दाखवते. इंटरनेटवर पाह्यलं तर एक जण म्हणते मनुका एक कप १४५ ग्राम, दुसरी म्हणते १६५, तिसरीकडं आणखीच काही. खरं कोणतं मानायचं? आणि कपाचे ग्राम माह्या वाटीला कसे लावायचे? ज्यांना माहीत असेल त्यांनी सविस्तर सांगा.

ओट्यावरची
ताई, मी पुसदची. आधी एक सांगा, तुमची वाटी कोणती, आमटीची की तेलाची? आमच्या घरीच तीन साइजच्या वाट्या आहेत. वाटी कोणती हे ठरल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

काळीमाती
आमटीची स्टीलची, सासूबाईंच्या लग्नातली आहे, त्या अजूनही लाडवाला तीच घेतात. मिली किती ते माहीत नाही, त्याच्यावर लिहिलेलं नाही काही.

गुरुजी_मेहकर
मी निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवत होतो, म्हणून जरा लांबण लागेल पण वाचा. मिली काढणं अगदी सोपं आहे. वाटी कोरडी करून काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि वाटी काठोकाठ पाण्यानं भरा. काटा जेवढे ग्राम दाखवेल तेवढे त्या वाटीचे मिली, कारण एक मिली पाणी एक ग्रामचं असतं, स्वयंपाकघराच्या हिशेबात थोड्या तापमानानं पडणारा फरक धरायचा नाही. काटा नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची सीलबंद बाटली घ्या आणि त्यातून किती वाट्या भरतात ते मोजा, पावणेतीन वाट्या भरल्या तर वाटी साधारण १८० मिलीची. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे म्हणून हे आधी करा.

आता कपाचं. तुम्ही जे १४५ आणि १६५ वाचलं ते दोन्ही बरोबर आहेत. १४५ म्हणजे मनुका अलगद ओतून कप भरला तर, आणि १६५ म्हणजे दाबून भरला तर. पदार्थ एकच, कप एकच, फक्त मधली हवा कमी झाली. सुक्यामेव्यात सगळा घोळ या हवेचा आहे. पाणी, तूप, दूध यांच्यात फटी नसतात म्हणून त्यांचं माप आणि वजन पक्कं जुळतं. बदामाचा कप भरला तर त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास नुसती हवाच असते. म्हणून तुकडा केवढा, कसा चिरला, कप ठोकला की नाही, यावर ग्राम बदलतात.

आणि कपही एक नाही. अमेरिकेचा कप २३७ मिलीचा, त्यांच्या पाकिटांवर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५० चा. जपानचा २०० चा. आपल्याकडं बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कपांच्या सेटमधे काही २४० चे काही २५० चे असतात, बुडाशी लिहिलेलं असतं, पाहून घ्या.

पूर्णाकाठ
एवढं मोजमाप करायची काय गरज आहे हो, आमच्या आज्यांनी कधी काटा पाह्यला नव्हता तरी लाडू असे व्हायचे की जिभेवर ठेवले की विरघळायचे. हाताला अंदाज असते बाईच्या.

गुरुजी_मेहकर
पूर्णाकाठ, तुमचं म्हणणं मी मनापासून मानतो आणि त्यामागं कारणही आहे. आजीची वाटी एकच होती. खारीकही तिनंच, खोबरंही तिनंच, तूपही तिनंच मोजायचं. वाटी १५० ची असो की २०० ची, सगळं एकाच वाटीनं मोजलं की एकमेकांशी प्रमाण बिघडत नाही, लाडू फक्त कमी-जास्त होतात. आणि भरायचा हातही एकच. आजीला ग्रामची गरजच पडली नाही. गरज पडते ती तीन ठिकाणी, दुसऱ्याच्या कपातली कृती आपण करायला घेतो तेव्हा, चार घरी चार वाट्यांनी एकच पदार्थ करायचा असतो तेव्हा, आणि दुकानात सामान घ्यायचं असते तेव्हा. काळीमाती ताईंच्या पुढ्यात तिन्ही एकदम आलेत.

पूर्णाकाठ
हे पटलं गुरुजी. आमच्याकडंही आजीची ती एक पितळी वाटी होती, ती कोणाला हात लावू देत नव्हती.

वैनगंगा
मी ब्रह्मपुरीहून. केक करते, ऑर्डरी घेते, त्यामुळं कपाचे ग्राम मला तोंडपाठ झालेत. २४० मिलीच्या कपासाठी मी हे धरते, अलगद भरून, न दाबता. मनुका १४५. चिरलेला खजूर १४७, म्हणजे दीडशेच समजा. अख्खे बदाम १४३. काजू अख्खे आणि पाकळी मिळून १३७. सुके अंजीर १५० च्या जवळ. जर्दाळू अर्धे केलेले १३०. पिस्ते १२३. क्रॅनबेरी १२० च्या आत. अक्रोड अर्धे अर्धे १००, आणि तेच अक्रोड बारीक तोडले तर ११७. बी काढलेला आलुबुखारा १७४, तो चिकट आणि ओलसर असते म्हणून कपात दबून बसते. खोबऱ्याचा कीस ८५ च्या आसपास. बदामाचे पातळ काप ९२. बदामाची पूड ९५.

यातून एक सोपं सूत्र निघते ते लक्षात ठेवा. मनुका, बदाम, काजू, खजूर, अंजीर हे सगळे एका कपाला १३५ ते १५० मधेच बसतात. तिथं थोडं इकडं तिकडं झालं तर पदार्थ बिघडत नाही. खरी काळजी घ्यायची ती काप, पूड, कीस आणि अक्रोड यांची, ते एकदम खाली उतरतात.

अक्रोडाची मजा पाहा, तोडल्यावर कपात जास्त बसतात कारण त्या वाकड्यातिकड्या पाकळ्यांच्या मधली जागा भरते. आणि बदामाचे काप केले तर उलटं, कमी बसतात, कारण काप एकमेकांवर आडवेतिडवे पडतात अन् मधे हवा राहते. म्हणून "बारीक केलं की जास्त बसते" असा सरसकट नियम लावू नका.

काळीमाती
वैनगंगा ताई तुम्ही तं माह्यी अर्धी चिंता मिटवली. आत्ता शेजारच्या किराणा दुकानात वाटी घेऊन जाऊन आली, पाणी भरून मोजलं, १८० भरले. मग मनुका अर्ध्या वाटीला किती?

वैनगंगा
१८० भागिले २४० म्हणजे पाऊण. तुमची वाटी म्हणजे बरोबर पाऊण कप, हिशेबाला फार सोपी आहे. माझ्या यादीतल्या कुठल्याही आकड्याचा पाऊण काढा. बदाम १४३ चा पाऊण १०७. मनुका १४५ चा पाऊण १०९, त्याची अर्धी वाटी म्हणजे ५४. काजू अर्धी वाटी ५१. खोबरं एक वाटी ६४, दोन वाट्या १२८.

पण थांबा, बदामाचं एक विचारून घ्या सासूबाईंना. वहीत "बदाम १ वाटी" लिहिलं आहे ते अख्खे मोजून मग पूड करायची की पूड करून वाटी भरायची? अख्ख्या बदामाची वाटी १०७ ग्राम, पुडीची वाटी ७१ ग्राम. दीडपट फरक आहे. पाच किलोच्या ऑर्डरीत हा फरक दोनशे ग्राम बदामावर जाईल, पैसा किती जाईल तुम्हीच पाहा. इंग्रजी कृतींमधे सुद्धा हेच असते, "चिरलेले बदाम एक कप" लिहिलं असेल तर चिरून कप भरायचा, "बदाम एक कप, चिरून" लिहिलं असेल तर आधी कप भरायचा मग चिरायचे. लिहिणाऱ्यानं कोणत्या क्रमानं लिहिलं ते नीट वाचत जा.

काळीमाती
विचारलं. त्या म्हणाल्या अख्खे मोजायचे, मग तुपात परतून जाडेभरडे कुटायचे. काजूचंही तसंच. आणि डिंक तळायच्या आधी मोजायचा.

ओट्यावरची
डिंकाचं बरं केलं विचारून. डिंक तुपात फुलला की चांगला तिप्पट-चौपट दिसते, कोणी फुललेला डिंक पाव वाटी घातला तर लाडवात डिंक नावालाच राहील. डिंक नेहमी कच्चाच आणि वजनानंच. मखाण्याचंही तेच आहे, त्याचा नुसता फुगा असते, वाटीनं मोजण्यात काही अर्थ नाही.

सातपुडा_चारोळी
धारणीकडून रामराम. मेळघाटातले आम्ही लोक चारोळी, गोडंबी, मोहफूल हे सगळं हाताळतो म्हणून सांगतो. गोडंबीचे आणि चारोळीचे ग्राम तुम्हाला त्या परदेशी याद्यांमधे मिळणार नाहीत, तिथं या वस्तू कोणी खातच नाही. आपलं आपणच मोजून ठेवावं लागते. चारोळी बारीक गोल असल्यामुळं वाटीत दाट बसते, गोडंबी चपटी असते तिच्यात फटी राहतात, त्यामुळं दोघींना एकच आकडा लावू नका. आणि आठवडी बाजारात चारोळी मापानं घेत असाल तर विकणाऱ्या बाईचं माप अन् तुमची वाटी यांचा काही संबंध नाही, घरी आणून तोलून घ्या. नवी चारोळी जरा ओलसर असते, ऊन दाखवल्यावर वजन उतरते.

गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, ती घेताना पाहजा, बिब्याचं तेल लागलेले काळे दाणे असतील तर बाजूला काढा. त्या तेलानं तोंड, हात उततात. बाळंतिणीचे लाडू आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. पांढरी स्वच्छ गोडंबीच घ्या.

संत्र्याचा_मळा
वरुडहून लिहितो आहे. आमच्याकडं संत्र्याच्या सालीचा मुरंबा, साल पाकवून सुकवणं असं घरातले करतात. सुक्या फळाच्या ओलाव्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मनुका पूर्ण सुकी नसते, तिच्यात साधारण पंधरा टक्के पाणी असतेच. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की मनुका हवेतला ओलावा ओढते, गोळा होते, आणि तीच वाटी जड भरते. उलट उन्हाळ्यात मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात राह्यली तर चुरचुरीत होते. ग्राम तेवढेच घेतले तरी ओलसर मनुकेत फळ कमी पाणी जास्त येणार. लाडवात ओलसर मनुका घातली तर ते टिकतही नाहीत. मनुका तुपात फुगवून घालतात ते त्यासाठीच, पाणी उडते.

आणि केकवाल्यांसाठी, मनुका संत्र्याच्या रसात भिजवायची असेल तर भिजवायच्या आधी तोला. भिजवून तोलली तर रसाचं वजन मनुकेत धरल्या जाते.

मनुकेतही जाती आहेत. सांगली-तासगावकडचे हिरवे बेदाणे लहान, बिनबियांचे, ते वाटीत चांगले गच्च बसतात. काळी मनुका मोठी, बीवाली, सुरकुतलेली, ती मोकळी राहते. वर जो १४५ चा आकडा आहे तो बिनबियांच्या मनुकेचा आहे हे ध्यानात ठेवा.

बोरमाळ
मला वेगळंच विचारायचं आहे पण याच धाग्यात बसते. माझ्या आजेसासूंची वही सापडली, मोडीत नाही बाळबोधच आहे. त्यात "मनुका पावशेर, बदाम आदपाव, खसखस छटाक" असं आहे. आमच्या नणंदबाई म्हणतात पावशेर म्हणजे पाव किलो, २५०. बरोबर आहे का? आणि एका पदार्थात "शेंगदाणे एक मापटं" असंही आहे, ते किती?

गुरुजी_मेहकर
वही किती जुनी आहे त्यावर आहे. आज बाजारात पावशेर म्हटलं तर २५० ग्रामच देतात. पण जुना वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, एक तोळा ११.६६ ग्राम, म्हणजे शेर ९३३ ग्राम. पावशेर म्हणजे २० तोळे, २३३ ग्राम. आदपाव ११७. छटाक ५ तोळे, ५८ ग्राम. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा आहे आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो-ग्राम लागू झाले. आजेसासूबाईंची वही त्याआधीची असेल तर २३३ धरा. पण सगळे जिन्नस शेरातच असतील तर २५० धरूनही प्रमाण तेच राहील, वर आजीच्या वाटीचं सांगितलं तसं. भानगड तेव्हा होते जेव्हा अर्धं सामान शेरात आणि अर्धं वाटीत लिहिलेलं असते.

मापटं मात्र वजन नव्हे, ते धान्याचं माप आहे. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं असं उतरत जाते, दर वेळी निम्मं. हा शेर मापाचा शेर, ८० तोळ्यांचा तो वेगळा. आणि पायली गावोगाव वेगळी होती, पश्चिमेकडची आणि आपल्याकडची जुळत नाही, भंडारा-गोंदियाकडं तर कुडोच चालते. घरात जुनं मापटं पडलेलं असेल तर त्याच मापट्याला पाणी भरून तोला आणि मग त्यात शेंगदाणे भरून तोला. दुसऱ्या गावचा आकडा घेऊ नका.

बोरमाळ
मापटं आहे घरी, देवघरात तांदूळ ठेवतो त्यात. उद्याच मोजते. धन्यवाद गुरुजी.

काळीमाती
एक प्रश्न राहिला. ज्या बाईच्या घरी काटा नाही तिनं काय करायचं? गटातल्या दोघींकडं काटा नाही.

ओट्यावरची
बंद पाकीट वापरा. किराण्यात मनुका, काजू, बदाम १०० ग्राम, २०० ग्राम, २५० ग्रामच्या पाकिटात मिळते, वर निव्वळ वजन छापलेलं असते, ते छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. २५० ग्रामचं मनुकेचं पाकीट फोडून आपल्या वाटीनं मोजा, अलगद भरत जा. सव्वादोन-अडीच जेवढ्या वाट्या भरतील त्या आकड्यानं २५० ला भागा. एकदा आकडा निघाला की वाटीच्या बुडाशी नेलपॉलिशनं खूण करून ठेवा अन् वहीत लिहजा. मग ती वाटी दुसऱ्या कामाला वापरायची नाही.

वैनगंगा
आणि शक्य असेल तर गटानं मिळून एक काटाच घ्या, एक ग्रामपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंतचा, चार-पाचशेत मिळून जाते. त्याला टेअर नावाचं बटण असते, ते दाबलं की भांड्याचं वजन शून्य होते. परात ठेवा, शून्य करा, खारीक घाला, पुन्हा शून्य, खोबरं घाला, पुन्हा शून्य. भांडी घासायचीही कमी पडतात आणि एकही वाटी लागत नाही. मला तं आता वाट्यांनी मोजणं जमतच नाही.

खसखस, वेलची, सुंठ असं थोडं असलेलं मात्र चमच्यानंच घ्या, स्वस्त काट्याला दोन-तीन ग्राम नीट पकडता येत नाही. १५ मिलीचा सपाट मोठा चमचा खसखस ९ ग्राम, मेथीदाणा ११ ग्राम. ५ मिलीच्या लहान चमच्यानं वेलची पूड २ ग्राम, सुंठ पूडही २ च्या आत. चमच्यावर शीग ठेवायची नाही, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा.

सातपुडा_चारोळी
काटा खरा आहे की नाही हे कसं पाहायचं ते सांगतो, आम्ही वनोपज विकताना करतो. १० रुपयाची दहा नाणी ठेवा. एक नाणं ७.७ ग्रामच्या आसपास असते, दहाचे ७७ व्हायला पाहिजे. ७५ किंवा ८० दाखवलं तर काटा घेऊ नका किंवा सेल बदलून पाहा. काटा सपाट फरशीवर ठेवायचा, शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवला की चुकीचं दाखवते. पंख्याचा वाराही बंद.

काळीमाती
हे नाण्याचं लय कामाचं निघालं बाप्पा. गटातल्या एकीच्या भावाकडून काटा आणला, दहा नाणी ठेवली, ७७ दाखवले. मग आज दुपारी सासूबाईंना समोर बसवलं, म्हटलं तुम्ही नेहमीसारख्या वाट्या भरा, मी फक्त तोलते. त्या खारकेची पूड भरताना वाटी दोनदा ओट्यावर हलकेच आपटतात, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. न आपटता मी भरली तर पंधरा-वीस ग्राम कमी बसली. गूळ त्या बोटानं दाबून भरतात, खोबरं मात्र अजिबात दाबत नाहीत, वरून शिपडल्यासारखं टाकतात. वहीत यातलं काहीच लिहिलेलं नाही, ते त्यांच्या हातात आहे. म्हणून गटातल्या दुसऱ्या घरी त्याच वहीवरून लाडू वेगळे व्हायचे.

त्यांच्या हातानं भरलेलं वजन असं आलं. खारीक पूड दोन वाट्या २००, खोबरं १२८ ऐवजी १३० निघालं, बदाम १०७, काजू ५१, मनुका ५४, गोडंबी पाव वाटी २७, कच्चा डिंक पाव वाटी ३०, खसखस दोन चमचे १८, पातळ तूप पाऊण वाटी १२३, गूळ दीड वाटी २००. वैनगंगा ताई तुमचे बदाम-काजूचे आकडे तं जवळपास तंतोतंत जुळले. सगळं मिळून साडेनऊशेच्या आत होते.

वैनगंगा
वा, किती छान केलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आता पाच किलोला साडेपाचपट करा. सरळ भागाकार केला तर सव्वापाचच्या थोडं वर येते, पण भाजताना ओलावा जाते, परातीला, हाताला लागते, म्हणून थोडं जास्त धरा. खारीक पूड ११००, खोबरं ७००, बदाम ५९०, काजू २८०, गोडंबी १५०, मनुका ३००, डिंक १६५, खसखस १००, तूप ६७५, गूळ ११००. बेरीज पाच किलो दीडशेच्या वर जाते. तूप एकदम सगळं ओतू नका, शेवटचे शंभर ग्राम हातात ठेवा, खारीक किती पिते त्यावर लागेल तसं घाला.

ओट्यावरची
तुपाचं एक, दुकानात लिटरनं घेत असाल तर एक लिटर तूप म्हणजे एक किलो नव्हे, ९१० ग्रामच्या जवळपास. पाकिटावर लिटर लिहिलंय की किलो ते पाहून घ्या. ६७५ ग्रामला एक लिटरचं पाकीट पुरून उरते.

आणि खारीक अख्खी घेणार असाल तर ११०० ग्राम पूड पाहिजे म्हणजे ११०० ग्राम खारीक नाही पुरणार, बी जाते. आधी पाव किलो फोडून बी किती निघते ते तोला, त्या हिशेबानं बाकीची आणा. खारीक कडक वाळलेली, आवाज येणारी घ्या, मऊ असली तर मिक्सरमधे पूड होत नाही लगदा होते.

पूर्णाकाठ
काळीमाती ताई, लाडू केवढे वळता? ५ किलोत किती नग देणार ते गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा. २५ ग्रामचा एक धरला तर किलोत ४० बसतात. पहिला लाडू तोलून समोर ठेवायचा आणि तेवढेच बाकीचे वळायचे, आमच्या लग्नघरी असंच करतात.

काळीमाती
हो, २५ चाच वळतो, बाळंतिणीला सकाळी एक पुरते. सामानाची यादी ग्राममधी लिहून काढली, उद्या इतवारीत जाणारं कोणी आहे काय नागपूरला? आमच्याकडं गोडंबी दीडशे ग्राम एकदम मिळत नाही, अन् मिळते ती काळी असते.

सातपुडा_चारोळी
इतवारीला कशाला पाठवता, माझी बहीण परतवाड्याला राहते, तिच्याकडं निवडलेली पांढरी गोडंबी पाव किलो आहे. व्यक्तिगत निरोपात गाव सांगा, परतवाड्याहून दर्यापूरकडं येणाऱ्या एसटीत पाठवून देतो. तोलूनच पाठवतो, तिथं आल्यावर तुमच्या काट्यावर एकदा टाकून पाहजा.

बोरमाळ
मापट्याचं सांगते. पाण्यानं मोजलं, मग शेंगदाणे भरून तोलले, कच्चे, सालासकट. भाजून सोलल्यावर तेच मापटं पुन्हा भरलं तर वजन वेगळं आलं. गुरुजी, आता वहीतले शेंगदाणे कच्चे धरायचे की भाजलेले?

गुरुजी_मेहकर
पदार्थ कोणता आहे? चटणी असेल तर भाजलेले, कारण जुन्या बाया चटणीला शेंगदाणे भाजून पाखडूनच माप भरायच्या. वहीतली पुढची ओळ पाहा, त्यात "भाजून" हा शब्द मापाच्या आधी आहे की नंतर?

बोरमाळ
"मापटं भरून शेंगदाणे घेणे, भाजणे, सोलणे" असं आहे.

गुरुजी_मेहकर
मग कच्चे.